उत्तेजनार्थ टकटक

योअंद्रीने चिरूट वळणाऱ्या एव्हेलिओच्या पाटावरची डिंकाची वाटी न विचारता उचलली, बोटाने डिंक काढून कागदाच्या चार कोपऱ्यांना फासला आणि कागद खांबावर चिकटवला. मग दोन पावलं मागे सरकून तो स्वतःच्या अक्षराकडे कौतुकाने बघत राहिला.

"तो डिंक चिरुटाच्या टोकाला लावायचा असतो, बाळा," एव्हेलिओ म्हणाला. "लोक तोंडात धरतात ते टोक. बोट धुतलं होतंस का?"

"कॉम्रेड, आधी कागद तर वाचा."

"वाचायला आमच्याकडे माणूस असतो. तो मेला, म्हणून तर तुझ्यासारख्यांना आत यायला मिळालं."

कागदावर लिहिलं होतं : *वाचनाच्या वेळी पाती जमिनीवर टाकण्यास मनाई आहे. प्रत्येक प्रयत्नाचे टकटक करून स्वागत करावे.* खाली योअंद्रीची सही होती आणि सहीखाली एक हसरा चेहरा काढलेला होता.

पाती टाकावीत असंही खरं तर कुठे लिहिलेलं नव्हतं. दालनात साठ माणसं ओळीने बसून चिरूट वळायची आणि समोरच्या चौथऱ्यावरून वाचक त्यांना वाचून दाखवायचा. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. वाचन पसंत पडलं, की वळणारे हातातल्या अर्धगोल पात्याने पाटावर टकटक करत. नाही पडलं, की पातं हातातून नुसतं सोडून देत. वाचक ठेवायचा की घालवायचा हे त्यांनीच ठरवायचं. साहेबाने फक्त सही करायची. हवानापासून पूर्वेकडे चिरूट जिथे जिथे वळले जात तिथे आज्या-पणज्यांच्या काळापासून हेच चालत आलं होतं आणि त्यात कुणाच्या मनाला काय वाटेल, हा प्रश्न कधी आला नव्हता.

तो प्रश्न योअंद्रीबरोबर आला. कारखान्यात पानाचा तुटवडा होता, डिंकाचा तुटवडा होता, वीज तर दुपारी जायचीच. साहेबाने वरच्या कार्यालयाला तसं कळवलं, तेव्हा कार्यालयाने तीन आठवड्यांसाठी आत्मविश्वास पाठवला. आत्मविश्वासाचं वय अठ्ठावीस होतं. त्याच्या शर्टाच्या खिशाला चार रंगांची चार पेनं होती आणि तो "समस्या" हा शब्द वापरत नसे. "संधी" म्हणे. पहिल्याच दिवशी संडास तुंबल्याचं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, तेव्हापासून दालनात संडासाला संधी म्हणू लागले.

ओनेलिया ही त्याची आवडती संधी होती.

तळमजल्यावर पानांच्या शिरा काढायचं काम ती बावीस वर्षं करत होती. वाचकाच्या खुर्चीसाठी दोनदा वर गेली होती आणि दोनदा खाली आली होती. पहिल्या वेळी साठच्या साठ पाती एकदम पडली. वरच्या मजल्याची जमीन लाकडी, त्यामुळे असा काही आवाज झाला की फाटकावरचा रखवालदार शिडी घेऊन धावत आला. दुसऱ्या वेळी अठ्ठावन्न पडली.

"सुधारणा आहे," शेजारी बसणारी दिग्ना म्हणाली होती. "याच वेगाने गेलीस तर तुझ्या नातीला खुर्ची नक्की."

पण वेग वाढवायला आता जागा नव्हती. एका माणसाला तीनच संधी, हा दालनाचा रिवाज होता. तिसऱ्यांदा पाती पडली की नाव कायमचं खोडायचं, मग पेन्शनीत निघेपर्यंत मांडीवर पान आणि बोटांत शीर.

ओनेलियाला खुर्ची का हवी, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. योअंद्रीनेही नाही, त्याच्याकडे उत्तर तयार होतं. बावीस वर्षं ती वरच्या कादंबऱ्या खालून ऐकत आली होती. फळ्यांच्या फटींतून जेवढं गळेल तेवढंच. नायिकेला मूल झाल्याचं कळे, कुणापासून ते गाडीच्या भोंग्यात जाई. खून ऐकू येई, खुनी नाही. गाळलेल्या जागा ती शिरा काढता काढता स्वतः भरायची, आणि संध्याकाळी वरचं कुणी भेटलं की खरं काय झालं ते विचारायची. बहुतेक वेळा तिचंच बरं असायचं. आणि वर पाती पडली, की छताची धूळ खाली हिच्या केसांत पडायची.

योअंद्री तिला जेवणाच्या सुट्टीत गाठायचा.

"रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं. स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं : मी समुद्र आहे."

"कोणता?"

"म्हणजे?"

"उत्तरेचा की दक्षिणेचा? दक्षिणेचा उथळ आहे. गुडघाभर पाणी, खाली चिखल."

"कोणताही, कॉम्रेड! मुद्दा भव्यतेचा आहे."

ओनेलियाने चार दिवस आरशासमोर उभं राहून पाहिलं. आरसा मोरीत होता, हातभर उंचीचा; त्यात एका वेळी एक तर डोळे दिसत, नाहीतर तोंड. समुद्र मावायचा प्रश्नच नव्हता.

"समुद्र झालीस का?" दिग्ना रोज विचारायची. "झालीस तर दोन मासे आण बाई. महिना झाला मासा बघून."

पाचव्या दिवशी तिने आरशाचा नाद सोडला.

परीक्षा गुरुवारी होती. उमेदवार तीन, प्रत्येकाला वीस मिनिटं, जेवणाच्या घंटेपर्यंत संपवायचं. जुना वाचक मेला तेव्हा एक जाडजूड कादंबरी अर्ध्यावर राहिली होती : एक विधवा, तिचा दीर आणि एक बनावट मृत्युपत्र. तीच तिघांनी पुढे पुढे वाचायची, असं ठरलं. साहेब खुर्चीवर बसला. योअंद्री वही घेऊन खांबाला टेकला.

पहिला लिसांद्रो. हा पूर्वी रेडिओवर होता आणि त्याला ते विसरता येत नव्हतं. प्रत्येक वाक्य तो वादळाची सूचना दिल्यासारखा वाचायचा. दीर नदीत बुडाला, हे त्याने अशा आवाजात सांगितलं की किनाऱ्यावरच्या लोकांनी घरं सोडावीत. मग त्याने थुंकी लावून पान उलटलं, एका वेळी दोन उलटली, आणि बुडालेला दीर पुढच्याच ओळीत जेवणाच्या टेबलावर बसून रस्सा मागू लागला.

लिसांद्रो थांबला नाही. वादळाची सूचना देणारा माणूस वादळ बघत नसतो.

एरवी या ठिकाणी साठ पाती पडली असती. दालनाने खांबावरच्या कागदाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि टकटक केली. भरपूर केली. लिसांद्रो उठून वाकला. योअंद्रीने हिरव्या पेनाने काहीतरी लिहिलं.

दुसरी साहेबाची भाची. ती पुटपुटत होती. मधे दोनदा तिने मोबाइल पाहिला. रश्शानंतर भात आला, भातानंतर भांडण. टकटक झाली. तिला खोकला आला, त्यालाही टकटक झाली. साहेब शिंकला, त्याला तर सगळ्यात जोरात. मागच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा एकदा, साहेब!"

"काय ऊर्जा आहे!" योअंद्री म्हणाला.

"हो ना," एव्हेलिओ म्हणाला. तो टकटक करत नव्हता. पातं पानावरून फिरवत तो आपला आठवा चिरूट वळत होता. "गाढवाला माळ घातली की मिरवणुकीला अशीच ऊर्जा असते."

ओनेलिया चौथऱ्यावर चढली तेव्हा तिच्या पायरीलाच टकटक झाली. ती बसली, टकटक. तिने चष्मा लावला, टकटक. खूण होती तिथून तिने पहिलं वाक्य वाचलं आणि तेही टकटकीत बुडालं. दुसरंही. समोर साठ माणसं हसऱ्या चेहऱ्याने पाटावर पाती आपटत होती आणि कुणाची नजर तिच्यावर नव्हती. दोघे जण तर मासळीच्या भावाबद्दल बोलत होते.

तिने वाचायचं थांबवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाच वर्षं ती, पाती पडली त्या दोन दिवसांचा आवाज डोक्यात घेऊन वावरली होती. आज तिला पहिल्यांदा वाटलं, की त्यांनी तेव्हा निदान ऐकलं तरी होतं. ऐकल्याशिवाय साठ माणसांची पाती एकाच ओळीला पडत नाहीत. ती ओळ कोणती होती तेही तिला आठवत होतं, आणि ती तिने खरोखरच वाईट वाचली होती.

तिने पुस्तक मांडीवर आपटलं.

"पुरे."

टकटक विस्कळीत होत थांबली.

"ही माझी तिसरी खेप आहे," ती म्हणाली. "पाती टाकायचीत, टाका. खाली बसून बावीस वर्षं तुमच्या पात्यांची धूळ मी डोक्यावर घेतलीय, अजून थोडी घेईन. पण ही भीक नको."

"कॉम्रेड ओनेलिया," योअंद्री पुढे आला, "प्रोत्साहन स्वीकारणं हीसुद्धा एक—"

"तुम्ही बसा, बाळ. संधी रिकामी असेल तर तिकडे जाऊन या."

दालन खदखदून हसलं. ते हसू ओसरेपर्यंत ती पानं मागे उलटत राहिली.

"लिसांद्रोने दोन पानं गाळली. नदीत बुडालेला माणूस रस्सा मागतोय आणि तुम्ही साठ शहाणे पाट बडवताय. मी मागून वाचते. वीस मिनिटांतली जातील, जाऊ देत."

"माझ्या प्रतीतच ती पानं—" लिसांद्रो म्हणाला.

"प्रत एकच आहे रे," कुणीतरी म्हणालं. "गप."

तिने वाचायला सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता. गाळलेल्या पानांत नदीकाठी एक प्रेत सापडत होतं. चेहरा पाण्याने गेलेला. फौजदार विधवेला बोलावतो. ती प्रेताच्या बुटांकडे बघते. बूट दिराचे नाहीत, हे तिला कळतं. फौजदार विचारतो, ओळखता का? आणि ती म्हणते, हो, हाच माझा दीर.

इथे ओनेलिया एवढीच थांबली, जेवढं ती विधवा थांबली असेल.

मग तिने जेवणाचा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून वाचला. तोच रस्सा, तोच भात, अर्ध्या तासापूर्वी भाचीने पुटपुटलेली तीच वाक्यं. "जरा मीठ दे," दीर म्हणतो. विधवा मीठ देते. मघाशी ते नुसतं मीठ होतं. आता साहेबसुद्धा खुर्चीत पुढे सरकला. मासळीचा भाव अर्ध्यावर राहिला होता. पानं चिरली जात होती ती अगदी हलक्या हाताने, पात्याचा आवाज होऊ नये म्हणून. ओनेलियाने हे पाहिलं नाही. तिची नजर ओळीवर होती आणि पुढच्या ओळीत दीर चमचा खाली ठेवून विचारत होता, "वहिनी, त्या मेलेल्याच्या पायात बूट कोणते होते?"

विधवा उत्तर द्यायच्या आत बाहेर दाराची कडी वाजली.

आणि घंटा झाली.

ओनेलियाने पुस्तक मिटलं.

टकटक झाली नाही. गुरुवारी कोंबडी असायची आणि तंगडी पहिल्या विसांनाच मिळायची. घंटेच्या पहिल्या ठोक्याला निम्मं दालन जिन्यात असायचं. आज कुणी उठलं नाही.

मग एक पातं पडलं. एकच. लाकडावर दोनदा उसळलं आणि पडून राहिलं.

योअंद्री धावला. "मनावर घेऊ नका, कॉम्रेड! ही फक्त एका व्यक्तीची—"

"दारात कोण आहे?" एव्हेलिओने विचारलं. त्याचा उजवा हात रिकामा होता. "कडी वाजली, कोण आलंय ते सांगितलं नाहीस, आणि पुस्तक मिटलंस? असं कुठे थांबतात, मूर्ख बाई?"

"जेवणाची घंटा झाली."

"मला काय कान नाहीत?"

ओनेलियाने पडलेल्या पात्याकडे पाहिलं. एव्हेलिओची कंबर धरलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तो पातं टाकायचा तेव्हा शेजारचा माणूस उचलून द्यायचा. आताही शेजारचा वाकलाच होता.

"राहू दे," ओनेलिया म्हणाली. "त्यांचं आहे, ते उचलतील. मग वाचते."

साहेबाने घड्याळ पाहिलं आणि खिशात घातलं. एव्हेलिओने अर्धा वळलेला चिरूट बाजूला ठेवला, पाटाची कड धरली आणि शिव्या देत, एकेक मणका मोजल्यासारखा, खाली वाकू लागला.

त्याला वेळ लागला. ओनेलियाने पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि तो नीट बसेपर्यंत थांबली.