थांबणारी तलवार

खंडेनवमीला आकाराम चौगुल्यांच्या घरी हत्यारं पाटावर मांडली जात: दोन दांडपट्टे, एक भाला, ढाल आणि गोठ्यातला विळा. २००६ साली त्या ओळीच्या अगदी कडेला त्यांच्या मुलाने, धैर्यशीलने, आपली जपानी लाकडी तलवार ठेवली. बोक्केन म्हणतात तिला; धार नसते, नुसती सरावापुरती. तिला तिथे जागा मिळेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. त्याच्या आबांनी तिलाही गंध लावलं, तेव्हा त्याच्या मनावरचं ओझं जरासं हललं.

पण आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. पूजेतलं हत्यार कोहळ्यावर चालवायचं, ही त्या घरची रीत. "कोहळा खाल्ल्याबिगर हत्यार जागं हुईत न्हाय," म्हणत त्यांनी बोक्केन उचलली आणि पायरीवरच्या कोहळ्यावर हाणली. कोहळा कापला गेला नाही, फुटला. आणि तलवार त्यातून पार जाऊन पायरीच्या दगडावर आदळली. लाकडात केसाएवढी चीर पडली. आबांनी ती पाहिली, धैर्यशीलनेही पाहिली.

धैर्यशील नावापुरताच धैर्यशील होता. आबा पेठेच्या तालमीतले मर्दानी खेळाचे वस्ताद. हलगी कडकडू लागली की त्यांच्या पट्ट्याला पाय फुटत. मुलाला तो कल्लोळच सोसत नसे. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये पहाटे भरणारा जपानी तलवारीचा वर्ग त्याला सापडला, तेव्हा आपल्यासारख्यांसाठीही जगात एखादी शांत खोली असते, असं त्याला वाटलं होतं. ती खोली त्याला हवी होती. पण आबांना बाहेर ठेवून नव्हे. 'हे आपलं न्हवं' असं ते एकदा जरी म्हणाले असते, तरी तो मुकाट्याने तिथून उठला असता.

वर्गात मृत्युंजय सरांनी चिरेवरून नख फिरवलं. "ही बाद. जोडीच्या सरावात ढलपी उडाली तर समोरच्याच्या डोळ्यात जाईल."

समोर त्याची जोडीदार स्नेहल होती; चीर कशी पडली ते त्याने सांगितलं. "कोहळ्यावर हाणली?" ती म्हणाली. "सर, पुढच्या वर्षी हा हिला तांबडा रस्सा पाजणार बघा!"

हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "सिंथेटिक घे, प्लॅस्टिकची. ती तडकत नाही. मात्र हातात धरून पारख. पोकळ नको आणि लवलवणारी तर नकोच."

संध्याकाळी घरी हे कळलं, तेव्हा आबांनी पायात चपला सरकवल्या. "मी बी येतो," एवढंच म्हणाले.

बसवेशचं खेळाच्या सामानाचं दुकान आबांच्या ओळखीतलं. "या आकारामदा! पट्टा सोडून बॅडमिंटन धरलं का काय?" असं म्हणत त्याने वरच्या फळीवरून तीन काळ्या तलवारी काढल्या.

पहिली उसाच्या पाल्यासारखी हलकी. हलवली की टोक मागाहून येई. ती बाजूला पडली. उरलेल्या दोन्ही भरीव. त्यातली एक आबांनी एका हातात घेतली, मनगट फिरवलं आणि शटलकॉकच्या नळ्यांची उतरंड खाली आली.

"हीच घे. टोकाला जड हाय. हाताला आपसूक वढती बघ."

धैर्यशीलने ती दोन्ही हातांत धरली आणि काउंटरवर सावकाश उतरवली. थांबवता थांबवता टोक काचेला टेकलंच.

"काच माझी हाय, पावणं!" बसवेश ओरडला.

तिसरीचं वजन मात्र मुठीजवळ विसावलेलं होतं. मनात आलं, तिथेच ती थांबली.

"आबा, ती थांबत नाही," धैर्यशील म्हणाला. इतक्या हळू, की बसवेशला वाकून ऐकावं लागलं.

"थांबवायची कशाला? पट्टा थांबला की माणूस मेला."

"आमच्यात थांबवायलाच शिकवतात."

'आमच्यात' हा शब्द त्याचा त्यालाच टोचला. आता आबा 'हे आपलं न्हवं' म्हणतील आणि सगळं संपेल, असं वाटून तो खाली बघत राहिला.

आबांनी बरणीतला टेबल टेनिसचा चेंडू उचलला, तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला. तालमीत लिंबू असंच धरतात आणि पट्ट्याने ते तळहातावरच कापतात.

"थांबती व्हय? दाखीव."

"अवो आकारामदा, बोटं मोडतील की!"

"गप ऱ्हा रं."

धैर्यशीलने श्वास सोडला. तिसरी तलवार डोक्यावरून निघाली, उतरली आणि चेंडूच्या वर तांदळाएवढी जागा राखून थांबली. चेंडू हलला नाही. त्याखालचा हातही हलला नाही.

आबांनी वाकून त्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"लिंबू कापणारं लई बघितलं," ते म्हणाले. चेंडू त्यांनी बरणीत टाकला. तिसरी तलवार बसवेशकडे सरकवत म्हणाले, "बांध ही."

पुढच्या खंडेनवमीला ती काळी तलवार पाटावर आली. प्लॅस्टिकवर गंध टिकेना, ओघळून खाली येई. आबांनी दोनदा अंगठा दाबून पाहिलं, मग मुठीला दोऱ्याने झेंडूचं फूल बांधलं. पट्टे चालून झाले, कोहळ्याच्या फोडी पडल्या. आता हिची पाळी होती.

आबांनी दुसरा, अखंड कोहळा पायरीवर ठेवला आणि तलवार त्याच्या हातात दिली. "तू."

त्याने ती उतरवली आणि कोहळ्याच्या सालीवर थांबवली, न टेकवता. आबांनी चिमूटभर कुंकू कोहळ्यावर टाकलं.

"खाल्ला तिनं," म्हणाले.

मग पेठेतून हलगी ऐकू आली, तसे ते पट्टा घेऊन तालमीकडे निघाले. धैर्यशील पायरीवर बसून राहिला, त्या न कापलेल्या कोहळ्याशेजारी.