मृदंगाची कणीक

कीर्तनात महाराज दिसतात, टाळकरी दिसतात, मृदंगी तर घामानं चमकतच असतो. मृदंगाची कणीक मळणारी बाई मात्र कुणाला दिसत नाही. भिवराबाईला त्याचं कधी काही वाटलं नाही. तिचा नवरा आश्रुबा गावचा मृदंगी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, गव्हाच्या ओल्या कणकेचा लगदा थापला की तो खोल घुमारा निघतो, आणि तो लगदा एकवीस वर्षं तीच मळत आली होती. सैल झाला तर धूम बोबडी बोलते, घट्ट झाला तर सुटून पडतो. बायकांत बसून पहिल्या थापेलाच ती ओळखायची, आज पाण्याचं बोट जास्त झालं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या. सारं गाव वडवणीच्या रस्त्यावर खडी फोडायला. सोसायटीच्या दुकानात मिळायची ती लाल मिलो ज्वारी. गव्हाचं तोंड पाहून महिने झाले होते. तरी भिवराबाईनं सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनासाठी ओंजळभर कणीक फडक्यात बांधून उतरंडीत ठेवली होती. "देवाची हाय ती," असं घरात बजावलं होतं.

यंदा काल्याला माजलगावकडचे राधाकिशन महाराज येणार होते. ते एरवी आपला मृदंगी संगं आणत. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव सप्ताहाचाही कारभार पाहत. आश्रुबानं महिनाभर त्यांचा उंबरा झिजवला तेव्हा ते म्हणाले, "बरं, यंदा तू बस. पण आश्रुबा, रंग भरला तर पुढंबी तूच. न्हाई भरला, तर त्यांचा माणूस."

काल्याच्या दिवशी सकाळी सुईण रतनबाई आली. भिवराबाईची लेक शिवकन्या नऊ दिवसांची बाळंतीण. मिलोनं तिचं पोट बिघडलेलं, अंगावर दूध नाही. तान्ही पोर रडायची तेही मांजराच्या पिलागत.

"भिवरे, लेकीच्या पोटात ऊन ऊन कणकेची पेज घाल, गूळ घालून. न्हाईतर दूध कुठून उतरंल? खडीतून?"

"गहू कुठला आणू, आक्का?"

"ते मला कावून इचारतीस? मी काय चेअरमन हाय?"

रतनबाई गेली. भिवराबाईनं उतरंडीतलं फडकं काढलं. निम्मं निम्मं करावं असं एकदा मनात आलं. पण ओंजळीचं निम्मं म्हणजे लेकीचीही फजिती आणि मृदंगाचीही. ती देव्हाऱ्यापुढं उभी राहिली.

"पांडुरंगा, तुझंच हुतं हे. पर तुला एक दीस कमी ऐकू आलं तर चालंल. रागवायचं आसंल तर माज्यावर रागव, मृदंगावर न्हाई."

तिनं त्या कणकेची पेज केली; लेकीनं ती वाटीला बोट लावून चाटून खाल्ली. मग भिवराबाईनं मिलोचं पीठ उकळत्या पाण्यात घोटलं, चांगलं मळलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलं. आश्रुबा पहाटेपासून मांडवात होता. तिनं तिथं जाऊन फडकं त्याच्या हातात दिलं आणि बायकांत बसली.

आश्रुबानं लगदा चिमटीत धरला. बोटं थांबली. त्यानं एकदाच बायकांकडं पाहिलं आणि लगदा धुमेवर थापला.

पहिला अभंग निभला. दुसऱ्या चालीला ऊन चढलं, मिलोला तडे गेले आणि चकत्या सुटून त्याच्या धोतरावर पडू लागल्या. घुमारा गेला. उरला फक्त चामड्याचा कोरडा आवाज, डबा बडवल्यासारखा. भिवराबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

आणि मग तिला ऐकू आलं. सुंदररावांचा टाळ हळू झाला. ज्यांचा टाळ शेजारच्या गावाची झोपमोड करतो असं लोक म्हणत, ते सुंदरराव टाळाच्या नुसत्या कडा टेकवत होते. त्यांचं पाहून शेजारचा, मग त्याच्या मागचा. चौदा टाळ उतरले. ज्या वेळी महाराज हात वर करून मृदंगाला एकट्याला वाजवायला लावतात, त्या वेळी त्यांनी हात वर केलाच नाही. स्वतः खालच्या पट्टीत "विठोबा रखुमाई" धरलं. तेवढ्या शांततेत आश्रुबाची उजव्या तोंडाच्या काळ्या शाईवरची बोटं दाण्यादाण्यानं ऐकू येऊ लागली. कुणी कुणाला खूण केली नव्हती. एवढ्या वर्षांत भिवराबाईनं असं कीर्तन ऐकलं नव्हतं. डोळे पुसायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

काला वाटून झाल्यावर आश्रुबा घरी आला. मृदंग खुंटीला लावला.

"कणीक मिलोची हुती," ती म्हणाली.

"बोटाला तवाच कळलं."

"मग लावली कावून?"

"तू दिली म्हून." तो खाली बसला. "पुढल्या साली महाराजांचा माणूस येणार हाय. सुंदररावच बोलले. मान खाली घालून बोलले बिचारे."

"आन् तुमी?"

"टाळ धरीन. सुंदररावाच्या शेजारी. आज हळू वाजवलं त्यानं, पर ताल कसला पाळतोय? कुणीतरी संगं पाहिजेच की त्याच्या." तो हसला, मग आतल्या खोलीकडं बघून आवाज उतरवला. "दूध आलं का लेकीला?"

"दुपारी. थोडं."

"मग गप बस," आश्रुबा म्हणाला. "पिऊ दे तान्हीला."