रेकॉर्डवरचा दुसरा आवाज

व्हर्लिन स्ट्राउड लॉस एंजेलिसहून कायमचा परत आला तो बसनं, आणि तेही गिटारशिवाय. थांब्यावर न्यायला आलेल्या बहिणीनं, ओलेटानं, त्याला आधी ओळखलंच नाही. वय अवघं छत्तीस, पण डोळे पिवळे, पोट फुगलेलं. केस तेवढे तसेच, खांद्यापर्यंत.

"गिटार कुठंय?"

"गेली," तो म्हणाला. "तू जाड झालीस गं."

"आणि तू म्हातारा. चल, बैस गाडीत."

बेकर्सफील्डच्या तेलविहिरींजवळच्या वस्तीत दोघं वाढली. रविवारी चर्चमध्ये व्हर्लिन वरच्या सुरात गायचा आणि ओलेटा त्याच्याखाली आपला सूर धरायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकाच गळ्यातून दोन आवाज निघताहेत. तेविसाव्या वर्षी तो लॉस एंजेलिसला गेला आणि घरच्या रडव्या गाण्यांमागं त्यानं ढोल आणि कर्कश इलेक्ट्रिक गिटारी लावल्या. गावच्या नाचघरात आला तेव्हा लोक त्याचे केस बघून ओरडले, "बाईसाहेब, गाणं राहू द्या, नाचायला या!" कुणीतरी बिअरचा डबाही फेकून मारला. शहरातली लांब केसांची पोरं त्याच्या गावाकडच्या, आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारला हसायची. म्हणायची, ही म्हाताऱ्यांची वाजंत्री कशाला आणलीस? तो ना इकडचा राहिला, ना तिकडचा झाला.

तरी एका कंपनीनं त्याची रेकॉर्ड काढायची ठरवली. व्हर्लिननं बहिणीला बोलावून घेतलं. द्राक्षं भरायच्या शेडमधून आठ दिवसांची रजा घेऊन ओलेटा गेली, आणि काचेच्या खोलीत भावाशेजारी उभी राहून तीन गाणी गायली.

रेकॉर्ड घरी आली त्या दिवशी शेजारपाजारचे सगळे जमले. सुई टेकली. भावाचा आवाज आला, आणि त्याच्याखाली कुणा भलत्याच बाईचा, गुळगुळीत, शिकवलेला.

"मशीन बिघडलंय का गं?" आईनं विचारलं.

ओलेटा पाहुण्यांसाठी कॉफी करायला आत गेली. पुढं व्हर्लिनचं पत्र आलं: तुझा आवाज काढायचा हा रेकॉर्ड करणाऱ्या साहेबाचा निर्णय, माझं काही चाललं नाही. तिनं विश्वास ठेवला. सात वर्षं ती त्या साहेबाला मनातल्या मनात शिव्या घालत राहिली.

रेकॉर्ड काही खपली नाही. मग व्हर्लिनची दारू वाढली, दारूच्या जोडीला गोळ्या आल्या. कार्यक्रम बुडायला लागले. टूसॉनला तो भर गाण्यात रंगमंचावर कोसळला आणि साथीदारांनी त्याला तिथंच सोडून दिलं. बायको तर आधीच गेली होती. आई वारली तेव्हा तो कुठं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आता तो ओलेटाच्या घरी राहू लागला. यकृत कामातून गेलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती त्याला राजमा मऊ शिजवून भरवायची, अंथरूण बदलायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. व्हर्लिन खुर्चीत होता. तो म्हणाला, "ओलेटा, तुझा आवाज त्या साहेबानं नव्हता काढला."

तिनं हातातली शेंग टोपल्यात टाकली.

"मीच काढायला सांगितलं. तो उलट भांडला माझ्याशी. म्हणाला, वेडा आहेस का, हीच खरी गाणारी आहे." त्यानं ओठ पुसले. "तेच मला सोसलं नाही गं."

"आणि आज कशाला सांगतोस?"

"बरोबर घेऊन जायचं नाही म्हणून."

"म्हणजे माझ्याकडं ठेवून जातोस. वा रे वा!"

ती शेंगांचं टोपलं उचलून आत गेली. चार दिवस तिनं त्याचं सगळं केलं, पण एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. इस्पितळात तो नुसता तिच्याकडं बघत पडला होता. तिनं त्याचा हात हातात घेतला, पण "माफ केलं" हे काही तिच्या तोंडून निघालं नाही. सकाळपर्यंत सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. व्हर्लिन सकाळपर्यंत थांबला नाही.

पुढं बारा-पंधरा वर्षांनी ती न खपलेली रेकॉर्ड शोधत तरुण मुलंमुली दूरदूरहून यायला लागली. ओलेटा त्यांना ओसरीवर बसवायची, थंड चहा द्यायची, कबरीची वाट सांगायची. एकदा टेक्ससहून आलेल्या एका मुलीनं डोळे पुसत विचारलं, "भाऊ म्हणून कसे होते हो ते?"

ओलेटानं तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

"गायचा छान," ती म्हणाली.