परतूरहून आलेला फोन

गेल्या दिवाळीत वाटूरच्या सगुणाबाईंना फोनवरून फसवलं. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला त्यांच्या मयत नवऱ्याचं नावसुद्धा ठाऊक होतं. त्यांनी मोबाइलवर आलेला आकडा सांगितला आणि पेन्शनचं खातं रिकामं झालं. जालन्याला शिक्षिका असलेली लेक मीना धावत आली. रागातच म्हणाली, "माय, नाव दिसत न्हाई त्या फोनवर कोणी काहीबी सांगू दे, खरं मानायचं न्हाई. कट करायचा."

फेब्रुवारीत एका दुपारी सगुणाबाई तूर निवडत बसल्या होत्या. अनोळखी नंबर वाजला. सवयीनं उचलला गेला.

"मावशी, परतूरहून भागवत टेलर बोलून राह्यलो, तुळजाबाईंचा शेजारी. त्यांना दवाखान्यात आणलंय. तुमचंच नाव घेऊन राह्यल्या. जल्दी या."

तुळजाबाई त्यांची पाठची बहीण. सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. पण नावं तर त्या बँकवाल्यालाही ठाऊक होती.

"मंग तिच्या फोनवरून लाव."

"गडबडीत घरीच राह्यला, मावशी."

त्यांनी फोन कट केला. तो आणखी दोनदा वाजला, त्यांनी घेतला नाही. स्वतः बहिणीला लावला, कोणी उचलेना. मीनाला लावला, ती वर्गावर होती. मग तुरीचं सूप तसंच पुढ्यात ठेवून त्या बसून राहिल्या.

शाळा सुटल्यावर मीनानं आईकडून नंबर घेऊन भागवतला लावलं, तेव्हा खरं कळलं. सगुणाबाई रिक्षानं परतूरला पोचल्या, पण तुळजाबाई तासाभरापूर्वीच गेल्या होत्या.

भागवत दवाखान्याच्या दाराशी उभा होता.

"काय म्हणत व्हती रे?"

"काही न्हाई, मावशी. झोपेतच गेल्या."

तो आपल्यासाठी खोटं बोलतोय, हे त्यांना कळलं.

दहाव्याला मीना त्यांच्याजवळ येऊन बसली. "माय, चूक माझी झाली."

"तू बराबरच सांगितलं व्हतं," सगुणाबाई म्हणाल्या. "माझंच नशीब वंगाळ."

मीनानं मग भागवतचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, सगळ्यांचा नंबर नावानिशी मोबाइलमध्ये घालून दिला. पण सगुणाबाई आता कुठलाच फोन सोडत नाहीत. लॉटरीवाला असो की कर्जवाला, शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि विचारतात, "कोणाला काही झालंय का, बाबा?" मीना समोर असली तर ऐकते. थांबवावं असं तिला वाटतं, पण ती थांबवत नाही.