माझं पिवळं बोट

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा, करडा, पार विटलेला. माझं एक बोट मात्र पिवळं आहे. जन्मलो तेव्हा ते नव्हतं. तेव्हा मला होता एक अंगठा, आणि उरलेल्या चार बोटांना मिळून एकच खोली.

मला सेफाको म्हाताऱ्याने विणलं. खाणीत पाय अधू झाल्यापासून तो जोहान्सबर्गबाहेरच्या सोवेटो वस्तीतल्या घरी बसून असे आणि शेजारणीकडून विणकाम शिकला होता. त्याची बायको मापुलेंग पहाटे पिठाचे गोळे तळून, बादली भरून जोहान्सबर्ग शहरात विकायला नेई. थंडीत तिची बोटं आखडत. “चौघं एका पांघरुणात झोपली की ऊब टिकते,” म्हणत त्याने मला तिच्या हातात चढवलं. तीही खूश झाली.

मला पहिल्यापासून भारी कुतूहल. पहिल्याच पहाटे रस्त्यावर पाहतो तर काय, कुणाचं बोट आभाळाकडे, कुणाचं जमिनीकडे! आमच्या टॅक्स्या म्हणजे पंधरा-सोळा माणसं कोंबलेल्या गाड्या. त्यांना पाटी नसते. बोट वर म्हणजे शहर, खाली म्हणजे इथलंच जवळपास. चालक लांबूनच बोट वाचतो आणि थांबायचं की नाही ते ठरवतो. मापुलेंगने मला उंच केलं, पण माझ्यातून तिचं एकटं बोट दिसेना. टॅक्सीवाल्याने हसून हात हलवला, भोंगा वाजवला आणि तो निघून गेला. दुसऱ्यानेही तेच केलं.

“अरे मेल्या, रामराम नाही करत तुला! शहरात जायचंय!” ती ओरडली.

शेवटी तिने मला काढलं. पण गारठ्याने बोट आखडून खाली वळलं आणि भलतीच टॅक्सी थांबली.

“बसा मा, बाजारापर्यंत ना?”

“बाजार कसला रे, शहर!”

“मग बोट खाली कशाला दाखवता?”

ती पोचली तेव्हा उजाडलं होतं. कारखान्याच्या ज्या फाटकाशी ती अकरा वर्षं बसत होती, तिथे नोमसा नावाची बाई आपली टोपली मांडून बसली होती.

“मला वाटलं सोडलीस जागा,” नोमसा म्हणाली. “आज उठते. पुन्हा उशीर केलास तर हलायची नाही, सांगून ठेवते.”

घरी सेफाकोने विचारलं, “ऊब होती ना गं?”

“होती की, ताते,” मापुलेंग म्हणाली. नवऱ्याला ती ताते म्हणे. बाकीचं तिने गिळून टाकलं. मला इतकी लाज वाटली की उसवून जावंसं वाटलं.

दुसऱ्या पहाटे ती बादलीचं झाकण विसरली. ते द्यायला सेफाको कुबडी टेकत रस्त्यावर आला आणि खांबाशी थबकला. जन्मभर त्याला खाणीचा ट्रक नेत-आणत असे. टॅक्सीला बोट दाखवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्याच्या डोळ्यांदेखत एक टॅक्सीवाला बायकोला हात हलवून गेला. मग दुसरा गेला.

“काल पण असंच?” त्याने विचारलं.

मापुलेंगने मान डोलावली. म्हाताऱ्याने कुबडी बगलेत दाबली आणि तिच्या शेजारी उभं राहून आपलं उघडं बोट वर केलं. टॅक्सी थांबली. नोमसा यायच्या आत आम्ही फाटकाशी होतो.

त्याच संध्याकाळी त्याने मला उसवलं. अंगठ्याशेजारचं बोट वेगळं विणलं, खाणीतल्या टोपासारखं पिवळंधमक, आणि ताठ राहावं म्हणून आत जाड पट्टी शिवली. माझा जोडीदार, डावा मोजा, अजून माझ्यावर जळतो.

“मा, हे बोट तर मागच्या चौकातूनच दिसलं!” पुढच्या पहाटे टॅक्सीवाला म्हणाला. मी कसला फुगलो होतो!

सेफाको जाऊन आता दोन हिवाळे झाले. माझ्या बोटाचं टोक झिजून भोक पडलं. मुलीने आईला चामड्याचे नवे मोजे आणले. ते अजून पिशवीतच आहेत. मापुलेंगला विणता येत नाही. तिने काळ्या दोऱ्याने वेडेवाकडे टाके घालून भोक बुजवलं. ते टाके मला टोचतात, पण माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमचे जुने मोजे फेकण्याआधी एकदा सुईदोरा हातात घ्या. आणि कुणासाठी मायेने काही केलंत, तर ते माणूस ती वस्तू घेऊन जिथे उभं राहतं, तिथे एकदा जाऊन उभे राहा. सेफाको एकच पहाट उभा राहिला, आणि मला बोट फुटलं.