राष्ट्राध्यक्षांचा कोट

राजधानीच्या चौकात भाषण करताना राष्ट्राध्यक्ष अन्सेल्मो कोल्के यांची हत्या झाली, त्यास आठवडा लोटला होता. समोरच्या गर्दीतील एका विद्यार्थ्याने गोळी झाडली, असे सरकारने जाहीर केले. त्या विद्यार्थ्यास जागीच ठार करण्यात आल्यामुळे त्याला काही विचारण्याची सोय उरली नव्हती. राष्ट्राने आपला अध्यक्ष इतमामाने पुरला. पठारावरील त्याच्या गावाने मात्र त्याला अद्याप निरोप दिला नव्हता. मृताचे कपडे आप्तांनी वाहत्या पाण्यात धुतल्याखेरीज त्याचा जीव वाटेला लागत नाही, हा तिथला धर्म.

थोरली बहीण सातुर्नीना हिने त्या कपड्यांसाठी वारंवार निरोप धाडले होते. अखेर राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाचा कप्तान उरियोस्ते गाठोडे घेऊन नदीवर आला. सोबत छायाचित्रकारही होता.

गाठोडे सोडताच तिला साबणाचा वास आला. सदऱ्याला कडक इस्त्री होती.

"हे धुतले कोणी?"

"सरकारी धोबीखान्यात, बाई. रक्ताने माखलेले कसे आणायचे?"

"रक्त माझ्या भावाचं. तुम्हाला कसली किळस?"

काठावर कोकाची पाने चघळत बसलेला तिचा दीर तिबुर्सियो म्हणाला, "धुवून आणलेत, तसं आमच्या वाटचं रडूनही यायचं होतं की, कप्तानसाहेब!"

धुण्यासाठी जमलेल्या गावच्या बायका हसल्या. कप्तान हसला नाही. "एकदा पाण्यात बुडवा, फोटो होऊ द्या. देशाला शांतता हवी आहे."

मारणे हा गुन्हा खरा. पण मृताचे रक्त परस्पर पुसून टाकण्याला कोणत्या कायद्यात नाव आहे? तरीही सातुर्नीना पाण्यात उतरली. न धुवावे, तर भाऊ वाटेतच अडकणार. तिने कोट भिजवला, पाठीचा भाग चोळू लागली आणि तिची बोटे थबकली. डाव्या खांद्याखाली बारीक रफू होते. तिने पुढची बाजू उलटून पाहिली. तिथे एक टाकाही नव्हता.

"साहेब, तो पोरगा समोर होता ना?"

"अगदी समोर."

"आणि मागे?"

"मागे आमच्या रक्षकांची रांग. तिथून यायची कोणाची छाती होती?" बोलून गेल्यावर त्याची नजर कोटाकडे गेली. "जुना कोट, बाई. उसवला असेल."

"जुना? यंदाच्या कापणीच्या सणाला पहिल्यांदा घातला त्यानं. मीच गुंड्या लावून दिल्या होत्या!"

तिने दातांनी रफू तोडले. बोट जाईल एवढे भोक उघडे पडले. कप्तान झेपावला, तोच तिबुर्सियो आणि साऱ्या बायका पाण्यात उतरून मध्ये उभ्या राहिल्या.

सातुर्नीनाने तो ओला कोट अंगात चढवला आणि छायाचित्रकाराकडे पाठ केली.

"काढ आता फोटो. हातभर जवळ येऊन काढ."

कप्तान ओरडला, कॅमेरा खाली झुकला. ती तशीच काठ चढून राजधानीच्या रस्त्याला लागली.

"वहिनी, अगं धुणं?" तिबुर्सियोने हाक मारली.

"नाही धुणार!" ती म्हणाली, आणि मग दुसऱ्याच कुणाला बजावावे तशी, "अन्सेल्मो, एवढ्यात जायचं नाही, सांगून ठेवते. थांब तिथंच."