प्राणवायूचं पाणी

मलेशियातल्या मुआर गावात हमदान मास्तरांनी उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं, ते म्हणजे बायकोचे खोके गाडीत चढवणं आणि उतरवणं.

बायको नोर्माला एका कंपनीची विक्रेती होती. सकाळी ती मँगोस्टीन फळाच्या सालीच्या गोळ्या विकायची. शरीरातला प्राणवायू पेशींना गंज चढवतो आणि ही गोळी तो गंज थोपवते, असं ती सांगायची. संध्याकाळी त्याच घरांत ती निळ्या बाटल्या घेऊन जायची. त्यांत जादा प्राणवायू भरलेलं पाणी असायचं.

"सकाळी ज्याला हाकलतेस, त्यालाच संध्याकाळी आमंत्रण?" मास्तर एकदा म्हणाले.

"अहो, सकाळचा वेगळा असतो," नोर्माला म्हणाली. "आणि तुम्ही एवढी वर्षं फुकट शिकवलंत, कुणाच्या तोंडावर तेज आलं का? खोका नीट धरा."

मास्तरांनी खोका नीट धरला. घरातला नवा एसी याच खोक्यांच्या कमाईतून आला होता आणि त्याखाली त्यांना झोप छान लागायची.

कंपनीच्या त्या भागातल्या सर्वेसर्वा होत्या दातिन रोहायदा. 'दातिन' ही मानाची पदवी त्यांना कुठल्या सुलतानाकडून मिळाली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आपला दमा या पाण्याने बरा झाला, असं त्या प्रत्येक सभेत सांगायच्या. "पंप कचऱ्यात फेका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि बायका आपले दम्याचे पंप खरंच फेकायच्या.

वार्षिक मेळाव्याच्या आधी दातिनबाईंचा फोन आला. "मास्तर, तुम्ही जाणकार. प्राणवायूवर दोन शब्द बोला. शास्त्राचं बोला, बाकी आम्ही बघतो."

मास्तरांनी मनाशी ठरवलं, आता सगळं खरं सांगून टाकायचं. आठवडाभर ते न्हाणीघरात भाषण घोकत होते. पहिल्या भागात प्राणवायूची थोरवी, दुसऱ्या भागात बाटलीची पोलखोल. 'माशाला कल्ले असतात, तुम्हाला आहेत का? पाण्यातून पोटात गेलेला प्राणवायू ढेकरेतून बाहेर येतो,' हे वाक्य तर त्यांना फारच आवडलं होतं.

हॉटेलचा हॉल गच्च भरला होता. मास्तर उभे राहिले. लोखंड गंजतं, लाकूड जळतं, आणि आपण खाल्लेला नासी लमाकचा भातही पेशीपेशीत मंद जळतो, त्या जळण्यावरच आपण जगतो, असं त्यांनी सांगितलं. रक्तातलं लोह फुप्फुसातून प्राणवायू उचलून मेंदूपर्यंत कसं पोचवतं, तो थोडा वेळ जरी मिळाला नाही तरी मेंदू कसा विझतो, तेही सांगितलं. आणि श्वास घ्यायला थांबले.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेचनात. वर्गात कधी कुणी टाळी वाजवली नव्हती. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. मास्तरांनी दुसरा भाग गिळला, मान लववली आणि खाली येऊन बसले. पोलखोल काय, पुढच्या वेळीही करता येईल.

मग दातिनबाई उठल्या. "पंप कच..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज निघाला, ओठ निळे पडले आणि त्या खाली बसल्या. भोवती गर्दी झाली. कुणी निळी बाटली उघडून त्यांच्या तोंडात ओतू लागलं.

"ओतू नका, घशात अडकेल," मास्तर म्हणाले. "बसतं ठेवा त्यांना. गाडी बोलवा." त्या दिवशी ते कामाचं बोलले ते तेवढंच.

नोर्मालाने दातिनबाईंची पर्स उघडली. आत दम्याचा पंप होता. तिने तो त्यांच्या तोंडाशी धरून दाबला, दाबला. पंप रिकामा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तो आपल्या पर्समध्ये टाकला.

रुग्णवाहिकेतून सिलिंडर आला, नाकातोंडावर मास्क चढला, औषधाची वाफ सुरू झाली. इस्पितळात पोचेपर्यंत ओठांना रंग आला होता. तिथे डॉक्टर थरमिणी भेटली, मास्तरांची जुनी विद्यार्थिनी.

"थोडा उशीर झाला असता तर गेल्याच होत्या," ती म्हणाली. "पंप बंद केलेले याच महिन्यातले आणखी काहीजण आहेत वॉर्डात."

"अरेरे," मास्तर म्हणाले.

"तुमचं भाषण पाहिलं, सर. सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतंय. छान समजावलंत." ती जरा थांबली. "मला वाटत होतं, पुढे काहीतरी सांगाल."

"नोर्माला वाट बघत असेल," असं म्हणून मास्तर उठले.

दातिनबाई आठवड्यात ठणठणीत झाल्या. मग गावभर फलक लागले. मास्क लावलेल्या दातिनबाईंचा फोटो, खाली ओळ: 'मोठी इस्पितळंही शेवटी प्राणवायूच देतात!' शेजारी हात उंचावलेले हमदान मास्तर, आणि नावामागे 'प्राध्यापक'.

मास्तर तरातरा घरी आले. "हे काढायला लाव," ते म्हणाले. "आणि मी प्राध्यापक कधी झालो?"

"दातिनबाई म्हणाल्या, मास्तर हलकं वाटतं," नोर्माला खोक्यांना चिकटपट्टी लावत म्हणाली. "शनिवारी मलाक्काला सभा आहे. हॉल मागच्याच्या दुप्पट. त्यांनी खास तुम्हालाच बोलावलंय."

मास्तरांनी चिकटपट्टी लावलेला खोका उचलला.

"माइक बरा असतो का तिथला?" त्यांनी विचारलं.